डिकीतली टाकी मध्ये आणली: पेट्रोलचं वजन आणि शर्यतीच्या एस्टीमचा तोल

१ डिसेंबर २०२४, रविवार

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात मामांचं वर्कशॉप आहे. गाडी तिथंच उभी आहे: मारुती एस्टीम, १२९८ सीसी, पुढच्या चाकांना ताकद. आतली गादी, कार्पेट, मागची सीट, एसी सगळं काढलंय आणि रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा पाइपांचा सांगाडा, बसवलाय. चालवणार धाकटा भाऊ. काटे, मोजमाप आणि वही माझ्याकडे. मामांचा हात लेथवर आणि वेल्डिंगवर.

चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला मद्रास इंटरनॅशनल सर्किट आहे. एक फेरी ३.७१७ किलोमीटरची, वळणं बारा. तिथं दीड तास न थांबता चालेल आणि पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत सारखी वागेल अशी गाडी आम्हाला करायची आहे. हा हिशेब साधारण ४० फेऱ्यांचा होतो.

मागच्या सीटखालची मूळ टाकी गंजून गेली होती. ती काढून मामांनी ॲल्युमिनियमची ४० लिटरची नवी टाकी केली आणि डिकीत, मागच्या बंपरला लागून बसवली. डिकीतच का, तर जागा मोकळी होती, पाइप ओढायला सोपं होतं आणि आम्ही पाहिलेल्या बऱ्याच गाड्यांत ती तिथंच होती. 'पुढून जड गाडी आहे, मागं थोडं वजन गेलेलं बरंच,' असाही एक विचार होता. टाकीला खर्च ९,५०० रुपये. याच निर्णयाने पुढचे तीन महिने खाल्ले, म्हणून तो आधीच लिहून ठेवतो.

८ डिसेंबर

आज चारही चाकांखाली काटे लावून गाडी तोलली. शर्यतीचे खास काटे महाग, आणि भाड्याने आणायचे तर पुण्याहून. ओळखीच्या एका गुळाच्या व्यापाऱ्याने ५०० किलोचे चार प्लॅटफॉर्म काटे दोन दिवस वापरायला दिले. ढेपा तोलायचे काटे, १०० ग्रॅमपर्यंत दाखवतात. आपल्या कामाला पुरून उरतात.

पहिला अर्धा दिवस वाया गेला. काट्यावरचे आकडे दर वेळी वेगळे यायचे. गाडी ढकलून पुन्हा चढवली की पुढच्या उजव्या चाकावर कधी पाच किलो जास्त, कधी सहा किलो कमी. शेवटी मामांनी गवंड्याचा लेव्हल पाइप आणला आणि चारही काट्यांचे माथे पाण्याने मोजले. एक कोपरा तब्बल चार मिलिमीटर खाली होता. पत्र्याचे तुकडे घालून चारही एका पातळीत आणले. मग प्रत्येक वेळी गाडी चढवल्यावर पुढून आणि मागून दोनदा दाबून सोडायची, म्हणजे स्प्रिंगा आपल्या जागी बसतात. एवढं केल्यावर आकडे एक किलोच्या आत जुळायला लागले. हे काम करणाऱ्याने आधी जमीन मोजावी, गाडी नंतर.

भाऊ हेल्मेट आणि सूटसह आत बसलेला, टाकी कोरडी: पुढच्या दोन चाकांवर मिळून ५५८ किलो, मागच्या दोनवर ३२८. एकूण ८८६, म्हणजे पुढे ६३ टक्के.

टाकी भरून तोलायचं डोक्यात आलं नाही. काटे परत करायची घाई होती. ही सगळ्यात महागात पडलेली चूक.

१५ डिसेंबर

एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या कारखान्याचं आवार रविवारी मोकळं असतं. मालकांची रीतसर परवानगी घेतली, दोन अग्निशामक नळकांडी जवळ ठेवली आणि खुंटी-दोरी घेऊन १५ मीटर त्रिज्येचं वर्तुळ चुन्याने आखलं. त्या रेषेवरून गाडी हळूहळू वेग वाढवत फिरवायची. रेषा सोडून बाहेर जायला लागली की ती हद्द.

पुढा बाहेर जात होता, नेहमीचं अंडरस्टीअर. मागची अँटी-रोल बार, म्हणजे वळणात गाडीचं कलणं कमी करणारा दांडा, आम्ही स्वतः बनवलेली आहे आणि तिला कडकपणा बदलायला तीन भोकं आहेत. मऊ भोकावरून मधल्यावर आणि मधल्यावरून कडक भोकावर आणली. कडक भोकावर गाडी रेषेवर छान चिकटून फिरायला लागली. एका वर्तुळाला साडेआठ सेकंद. भाऊ खूश, मीही खूश.

टाकीत तेव्हा पाच लिटर पेट्रोल होतं. वहीत ते लिहिलेलं नाही, आठवणीने सांगतोय.

११ जानेवारी २०२५, चेन्नई

टेंपोवर गाडी लादून काल रात्री पोचलो. ट्रॅकचं भाडं आणखी तीन जणांसोबत वाटून घेतलं होतं.

सकाळी टाकी काठोकाठ भरली. पहिली फेरी हळू. दुसऱ्या फेरीला मुख्य सरळ संपल्यावर येणाऱ्या सी-वनला, त्या वेगवान उजव्या वळणाला, भावाने ॲक्सिलरेटरवरचा पाय जरासा उचलला आणि मागचा भाग एकदम सुटला. दोन गिरक्या घेऊन गाडी मातीत. कुणाला काही झालं नाही, गाडी कशाला धडकली नाही. पण टायर घासून चपटे झाले, खालच्या पत्र्यात खडी अडकली आणि सगळं साफ करून पुन्हा उभं राहायला एक तास दहा मिनिटं गेली.

उतरल्यावर भाऊ म्हणाला, "दादा, मी काय स्टीअरिंग जास्त वळवलं नव्हतं. पाय सैल केला आणि मागनं कुणीतरी ढकलल्यागत झालं."

तो लहानपणापासून गो-कार्ट चालवतो, उगाच बोलत नाही. मागची बार मऊ भोकावर आणली आणि टाकी पुन्हा भरून सोडला. आता गाडी शहाण्यासारखी वागली. पहिल्या पाच फेऱ्या २ मिनिटं ११ सेकंदांच्या आसपास आल्या. मला वाटलं, सुटला प्रश्न.

खरा प्रश्न पंधराव्या फेरीपासून दिसायला लागला. पेट्रोल जळून गाडी हलकी होतेय म्हटल्यावर वेळ खाली यायला हवा, तो वर चढत होता. बाविसाव्या फेरीला २ मिनिटं १२ सेकंद. तोवर पंधरा किलो पेट्रोल जळालेलं. पिटच्या भिंतीवरूनही दिसत होतं की वळणात पुढची चाकं जास्त वळवलेली आहेत आणि गाडी तरी बाहेरच जातेय. सव्विसाव्या फेरीला जोरात ब्रेक लावताना मागची दोन्ही चाकं जाम झाली, धूर निघाला, आणि मी त्याला आत बोलावलं.

पुढच्या डाव्या टायरमध्ये तापमानाची सुई खुपसली: बाहेरची कड ९६ अंश, मध्ये ८८, आतली ८४. हा ट्रॅक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. उजवी वळणं जास्त, त्यामुळे डावा पुढचा टायर मार खातोच, पण त्याची कड अशी सोलली जायला नको होती. तळहात फिरवला तर रबराच्या बारीक सुरळ्या हाताला लागत होत्या.

सकाळी मागा सुटत होता, दुपारी पुढा. आणि बार मऊ केल्यानंतर गाडीवर आम्ही काहीच बदललं नव्हतं. बदललं होतं फक्त पेट्रोल.

१३ जानेवारी, परतीच्या वाटेवर

हुबळीजवळ चहाला थांबलो तेव्हा वही काढली. डिसेंबरपासूनच्या सगळ्या नोंदी पुन्हा वाचल्या. टायरचा दाब आहे, बारचं भोक आहे, हवामान आहे. टाकीत किती पेट्रोल होतं ते एकाही पानावर नाही. म्हणजे त्या सगळ्या नोंदींचा उपयोग नाही, कारण पाच लिटरवरची गाडी आणि चाळीस लिटरवरची गाडी या दोन वेगळ्या गाड्या आहेत.

आजपासून नियम: प्रत्येक नोंदीची पहिली ओळ पेट्रोल. आणि ते किलोत, लिटरमध्ये नाही. पेट्रोल उन्हात फुगतं. पंधरा अंशांनी तापलं तर आकारमान दीड टक्क्याच्या आसपास वाढतं. टाकीची खूण तीच राहते, वजन तेवढं राहत नाही. कॅन भरायच्या आधी तोलायचा, रिकामा करून पुन्हा तोलायचा, फरक लिहायचा.

मोठ्या मंडळींनी हा प्रश्न कसा सोडवला ते भावाला सांगत होतो. १९३४ पासून धावलेल्या ऑटो युनियनच्या शर्यती गाड्यांत फर्डिनांड पोर्शे यांनी टाकी चालक आणि इंजिन यांच्या मध्ये ठेवली होती. हेतू हाच, की पेट्रोल संपत जाईल तसा पुढचा-मागचा तोल हलू नये. आजच्या फॉर्म्युला वनमध्येही टाकी चालकाच्या पाठीमागे, इंजिनच्या पुढे असते. २०१० पासून तिथं शर्यतीत पेट्रोल भरायला बंदी आहे आणि २०१९ च्या नियमांनी ११० किलोपर्यंत इंधन नेता यायचं. एवढं ओझं शेपटीत ठेवलं असतं तर कुठला चालक ती गाडी सांभाळू शकला असता?

आणि उलट बाजूचं उदाहरण १९५० च्या दशकातला फॉर्म्युला वनचा चालक फॅन्जिओ याचं. त्याच्या मॅसेराती २५० एफची टाकी शेपटीत होती. ४ ऑगस्ट १९५७ ला जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग ट्रॅकवर फेरारीवाले हॉथॉर्न आणि कॉलिन्स पूर्ण टाकीने सुटले, फॅन्जिओ अर्ध्या टाकीने. मध्ये थांबून पेट्रोल आणि टायर घेतले, त्यात जवळपास पाऊण मिनिट मागे पडला, आणि एकामागून एक फेरीचे विक्रम मोडत पुढे येऊन ३.६ सेकंदांनी जिंकला. लोक यात हलक्या गाडीचा वेग पाहतात. मला आता वाटतं, तेवढंच नव्हतं. शेपटीतली टाकी अर्धीच भरलेली असल्यावर ती गाडी त्याच्या हाताला किती मऊ लागली असेल, हे सी-वनच्या त्या गिरकीनंतर जास्त कळतं.

१९ जानेवारी

गुळाचे काटे पुन्हा आणले. या वेळी आधी जमीन, मग गाडी.

डिकीतली टाकी पूर्ण भरली. वजन बरोबर ३० किलो. पुढच्या चाकांवर ५५८ चे ५५२ झाले. मागच्या चाकांवर ३२८ चे ३६४. पुढे ६०.३ टक्के.

मी आकडे दोनदा लिहून घेतले, कारण पहिल्यांदा चूक वाटली. तीस किलो घातले आणि मागे छत्तीस वाढले. मामा बघत होते, म्हणाले, "त्यात काय नवल? बैलगाडीत ऊस मागं जास्त लादला की गाडी उलाळ होत्या. बैलाच्या मानंवरचं जू वर येतंय." तेच. टाकीचा मध्य मागच्या चाकांच्या मागे अर्धा मीटर आहे. म्हणून ती मागे स्वतःचं वजन टाकतेच, वर पुढच्या चाकांवरचे सहा किलो उचलून घेते. पेट्रोल संपलं की ते सहा किलो पुढे परत जातात.

मागची उंची मोजली: टाकी भरल्यावर ९ मिलिमीटर खाली. दोरी लावून मागच्या चाकांचा रोख, म्हणजे त्यांची पुढची कड आत किती वळलेली आहे ते, पाहिला. रिकाम्या गाडीला दीड मिलिमीटर आत होता, भरलेल्या गाडीला अर्धाच उरला. म्हणजे भरलेल्या टाकीने मागच्या टायरवर ओझं टाकलं आणि त्यांना सरळ ठेवणारा रोखही काढून घेतला. सी-वनला पाय उचलल्यावर काय झालं त्याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

दुपारी कारखान्याच्या आवारात वर्तुळावर गेलो. पेट्रोल सांडायचा धोका नको म्हणून दहा-दहा लिटर पाण्याचे तीन कॅन घेतले. ३० किलो म्हणजे ३० किलो. कॅन पोत्यात गुंडाळून रॅचेट पट्ट्याने आवळून बांधले. स्टीअरिंगच्या माथ्यावर पांढरी चिकटपट्टी लावली आणि डॅशबोर्डवर मोबाइल उभा केला, म्हणजे वर्तुळ धरून ठेवायला स्टीअरिंग किती वळवावं लागतं ते नंतर पाहता येईल.

बार मधल्या भोकावर, सगळ्या वेळी तीच.

कॅन नसताना: ८.५ सेकंद. चिकटपट्टी घड्याळातल्या दोनच्या जागी. पाय उचलला की गाडी थोडी आत येते, घाबरवत नाही.

कॅन डिकीत: ८.६ सेकंद. चिकटपट्टी एकच्याही अलीकडे. पाय उचलला की मागा सुटतो, भावाला उलटं स्टीअरिंग द्यावं लागलं. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच.

कॅन पुढच्या सीटांच्या मागे, पाय ठेवायच्या खोलगट जागेत: ८.६ सेकंद. चिकटपट्टी दीडच्या जरा पुढे. पाय उचलल्यावर रिकाम्या गाडीसारखीच वागते.

वेळ पाहिला तर दोन्ही जागा सारख्याच, आणि मी फक्त स्टॉपवॉच धरून बसलो असतो तर टाकी डिकीतच राहिली असती. फरक चिकटपट्टीने दाखवला. हे पाच रुपयांचं साधन मी आता गाडीवरून काढणार नाही.

२६ जानेवारी

ठरलं. टाकी मध्ये येणार.

त्याआधी भावाने दुसरा मार्ग सुचवला होता: मागे कडक स्प्रिंगा घालू, म्हणजे भरल्यावर गाडी बसणार नाही. मी दोन दिवस त्यावर विचार केला आणि नको म्हटलं. कडक स्प्रिंगने उंची सावरेल, पण सहा किलो पुढून उचलले जायचे ते जाणारच, आणि टाकी रिकामी झाल्यावर तीच कडक स्प्रिंग मागचं हलकं चाक खड्ड्यावरून उडवणार. वजनाचं दुखणं वजनानेच बरं करावं.

इथं एक आर्थिक ठोकर लिहून ठेवतो. चालकाच्या कप्प्यात टाकी आणायची तर सुरक्षित सेल हवी, म्हणून शर्यत सोडलेल्या एका टीमकडून शर्यतींच्या एफटी-३ सुरक्षा दर्जाची जुनी ब्लॅडर, म्हणजे पेट्रोलची मजबूत रबरी पिशवी, ३५,००० रुपयांना घेतली. घरी आणून लेबल पुसलं तेव्हा बनावटीची तारीख दिसली, आठ वर्षांपूर्वीची. या ब्लॅडरची मुदत पाच वर्षं असते. तपासून घेतली तर आणखी दोन. म्हणजे ती तांत्रिक तपासणीत पासच होणार नाही. विकणाऱ्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पैसे परत मिळाले नाहीत. जुनी ब्लॅडर घेणार असाल तर आधी लेबलचा फोटो मागा.

नवी घ्यायला आत्ता पैसे नाहीत. म्हणून सध्या सरावापुरती ॲल्युमिनियमचीच टाकी, पण बंद पेटीत. खऱ्या शर्यतीत अशी उतरवणार नाही.

२ फेब्रुवारी

पेटीचं काम. जाड ॲल्युमिनियम पत्र्याची पेटी, सगळ्या सांध्यांना रिव्हेट आणि आगीला टिकणारं सीलंट. तळाला गळतीची नळी गाडीखाली, वाफेची नळी छतापर्यंत नेऊन मग बाहेर, तिच्यात गाडी उलटली तर बंद होणारा व्हॉल्व. चालक आणि टाकी यांच्या मध्ये पूर्ण भिंत. एवढं करायची तयारी नसेल तर टाकी आत आणूच नये. डिकीतली उलाळ गाडी परवडली.

टाकी डावीकडे की मध्यावर यावर मामांचा आणि माझा वाद झाला. आपल्याकडे चालक उजवीकडे. मामांचं म्हणणं, टाकी डावीकडे ठेव, काट्यावर डावं-उजवं बरोबर येईल. काट्यावर ते खरंच छान दिसतं. पण चालकाचं वजन शेवटपर्यंत तेवढंच राहतं, पेट्रोल नाही. टाकी डावीकडे ठेवली तर पुढचं-मागचं सुटलेलं दुखणं डावं-उजवं होऊन परत आलं असतं: सुरुवातीला डावी-उजवी वळणं सारखी, शेवटी वेगळी. शिवाय या ट्रॅकवर उजवी वळणं जास्त, त्यात डावी चाकं आधीच दबलेली. मी म्हटलं, "मामा, जे कमी होत जाणार ते मधोमध असू दे." त्यांनी थोडा वेळ टाकीकडे बघितलं, खडूने मधली रेघ मारली आणि ड्रिल उचललं.

सामान ६,२०० रुपये, बाहेरची मजुरी ५,०००. दोन रविवार आणि चार संध्याकाळी.

९ फेब्रुवारी

पुन्हा काटे. पेटीचे सहा किलो वाढले, त्यामुळे रिकामी गाडी आता ८९२: पुढे ५६४, मागे ३२८.

३० किलो भरून: पुढे ५७३, मागे ३४९.

आधी टाकी भरली की पुढचा वाटा ६३ वरून ६०.३ वर यायचा. आता ६३.२ वरून ६२.१ वर येतो. मागची उंची ९ ऐवजी ५ मिलिमीटर बसते. पेट्रोल पुढच्या चाकांवरही नऊ किलो टाकतं, काढून घेत नाही. मागच्या चाकांचा रोख पेट्रोल अर्धं असताना सव्वा मिलिमीटर आत ठेवला. पूर्वी रिकाम्या गाडीवर लावत होतो. आता सगळी मोजमापं १५ किलो पेट्रोल आणि आत बसलेला चालक या स्थितीत घेतो.

ब्रेकसाठी मागच्या लाइनमध्ये हाताने फिरवायचा प्रेशर व्हॉल्व बसवला, ४,८०० रुपये. त्याची मूठ चालकाच्या डाव्या हाताशी. भरलेल्या टाकीला मागची चाकं जास्त ब्रेक सोसतात, रिकाम्याला कमी. सव्विसाव्या फेरीचा तो धूर त्याचाच होता.

२२ फेब्रुवारी, चेन्नई

पेट्रोल: ३० किलो. बार मधल्या भोकावर. टायर थंड असताना २६ पौंड.

पहिल्या फेरीपासून भाऊ मोकळा चालवत होता. सी-वनला मी भिंतीला टेकून श्वास रोखून उभा होतो. गाडी वळणात शिरली, मागा किंचित हलला, बसला आणि निघून गेली. चौथ्या फेरीला २ मिनिटं १०.६. रेडिओवर त्याचा आवाज: "दादा, ही तीच गाडी हाय व्हय?"

चौदाव्या फेरीला इंजिन खोकायला लागलं. उजव्या लांब वळणातून बाहेर पडताना दोन-तीन झटके, मग ठीक, पुढच्या वळणाला पुन्हा. आत बोलावलं. फिल्टर उघडला तर आत पिवळा चुरा, ओल्या बेसनासारखा.

हा स्पंजचा चुरा. टाकीत पेट्रोल हिंदकळू नये म्हणून डिसेंबरमध्ये आम्ही बाजारातून साधा स्पंज आणून भरला होता, टाक्यांसाठीचा खास फोम महाग म्हणून. हल्ली पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. त्यात दोन-अडीच महिने भिजून स्पंज विरघळत चालला होता. चिमटीत धरला की पीठ व्हायचं. इथेनॉलला टिकणारा फोम वेगळा असतो आणि तो तसा लिहिलेलाच घ्यायला हवा.

स्पंज सगळा उपसून काढला, टाकी धुतली, फिल्टर बदलला. दोन तास गेले. आता टाकीत हिंदकळणं थांबवणारं काहीच नव्हतं, म्हणून १२ किलोच्या खाली जायचं नाही असं ठरवून पुन्हा सोडला.

२० किलोवर: २ मिनिटं १०.२. १३ किलोवर: २ मिनिटं ९.९. गाडी हलकी होतेय आणि वेळही उतरतोय, जे जानेवारीत उलटं होतं. ब्रेकची मूठ त्याने एकदाच, अर्धी फेर पुढच्या बाजूला फिरवली. डाव्या पुढच्या टायरमध्ये सुई खुपसली: बाहेर ९०, मध्ये ८७, आत ८४. रबराच्या सुरळ्या नाहीत.

एक दोष अजून आहे. भरलेल्या टाकीला हळू वळणांतून बाहेर पडताना आतलं पुढचं चाक नुसतं फिरतं. डिकीत टाकी असतानाही हे होतं, पण तेव्हा इतर गोंधळात ऐकू आलं नव्हतं. त्यावर पेट्रोलने काही होणार नाही, डिफरन्शियलचं, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरचं, बघावं लागेल.

२ मार्च

आतापर्यंतचा हिशेब, रुपयांत. पहिली टाकी ९,५००. मुदत संपलेली ब्लॅडर ३५,०००. पेटी आणि मजुरी ११,२००. ब्रेकचा व्हॉल्व ४,८००. दोन टायर ११,०००. ट्रॅकच्या भाड्याचा आमचा वाटा, दोन दिवसांचा, ४४,०००. टेंपो, दोन खेपा, ५६,०००. पेट्रोल २७,०००. आणि आतल्या पडद्यांची नवी टाकी १२,५००. बेरीज २,११,०००. टाकी पहिल्याच दिवशी मध्ये बसवली असती तर यातली चेन्नईची एक खेप आणि निदान एक टायर वाचला असता.

नवी टाकी काल झाली. आत भोकं पाडलेले तीन उभे पडदे आहेत आणि मागच्या खालच्या कोपऱ्यात दीड लिटरचं वेगळं भांडं, पंप त्यातूनच ओढतो. जुनीच टाकी कापून पडदे घालू का, असं मी विचारलं तेव्हा मामांनी साफ नकार दिला. एकदा पेट्रोल पडलेली टाकी ते वेल्डिंगला घेत नाहीत, कितीही धुतली तरी. उद्यमनगरात अशा टाक्या फुटताना त्यांनी पाहिल्या आहेत.

पुढच्या रविवारी पडदे तपासायचे. टाकीत पाणी, वर पारदर्शक झाकण, आणि फळीवर ठेवून दोघांनी दोन्ही बाजूंना उचलायची. भांडं कुठल्या कोनाला कोरडं पडतं ते किलो-किलोने पाणी कमी करत लिहून काढणार आहे. तो आकडा मिळेपर्यंत गाडी १२ किलोच्या खाली चालवायची नाही.